पाऊस वाटेतच आटतो

"सांगली जिल्ह्याला यलो अलर्ट, आटपाडीत मात्र नुसती धूळ, म्हणजे अंदाज फसलाच" ही तक्रार वाचली, काही पटली नाही. इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि वळवाचा एकेक ढग जेमतेम पाच-दहा किलोमीटरचा. शिराळ्यात धो-धो नि जतला लख्ख ऊन, हे एकाच संध्याकाळी होतंच की. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, एवढंच.

पण त्या धुळीबद्दल कुणीच लिहिलं नाही. आटपाडीच्या भागात, म्हणजे माणदेशात, एप्रिल-मेमध्ये खालची हवा इतकी कोरडी असते की ढगाचा तळ फार उंचावर राहतो. तिथून सुटलेले थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच विरतात. वाफ होताना ते भोवतालच्या हवेतली उष्णता घेतात, मग ती हवा गार नि जड होऊन धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पत्रे उडवणारा वारा तो हाच. लांबून ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात ना, जमिनीला न टेकणाऱ्या, तो हा आटणारा पाऊस. आमच्याकडचे बेदाणा शेडवाले त्या दिसल्या की कडेचे पडदे आधी घट्ट बांधून घेतात (पावसाची भीती कमी, वाऱ्याची जास्त). वीज मात्र असल्या कोरड्या ढगातूनही पडते, आणि पाऊस नाही म्हणून लोक बाभळीखाली निवांत बसतात! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं. शेतात असताना जिल्ह्याच्या अंदाजापेक्षा ते जास्त कामाचं.