जुन्या फूटी प्लेयरच्या आकड्यांत चूक दिसली तर दुरुस्त कशी करायची? (व्हीएफएल, 1920 चं दशक)

यारा_काठचा:
नमस्कार मंडळी, इथे मेलबर्नमध्ये राहणारे आणि फूटी बघणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. ऑफिसमधल्या एका मित्रामुळे मी ऑस्ट्रेलियन रूल्सच्या जुन्या आकडेवारीत शिरलो आणि आता आम्ही काही जण मिळून मॅचनुसार शीट बनवतोय, कोण खेळलं, कोणी किती गोल मारले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आजची एएफएल म्हणजेच जुनी व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, 1897 ला आठ क्लबांनी सुरू केली, एएफएल हे नाव 1990 ला आलं.

तर प्रॉब्लेम असा की 1920 च्या दशकातला एक फॉरवर्ड आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण अजून खात्री नाही आणि उगाच कुठेतरी पसरायचं. त्याचे करिअरचे गोल तीन साइटवर सारखे आहेत आणि चौथीकडे एक कमी, मॅचेसही एकने कमी. त्याच टीममध्ये त्याच काळात त्याच्याच आडनावाचा अजून एक जण खेळायचा. मित्र म्हणतो तीन विरुद्ध एक, बहुमताने ठरवून टाक. मला ते काही पटत नाहीये, माणूस शंभर वर्षांपूर्वी मैदानात होता की नाही हे मतदानाने कसं ठरणार?

दुसरं म्हणजे शीटमध्ये जुन्या खेळाडूंच्या किक, मार्क, हँडबॉल या कॉलममध्ये कोणीतरी सगळीकडे 0 भरून ठेवलाय, ते चालतं का? आणि चूक खरंच निघाली तर कळवायची कोणाला?

सोमवारचा_पेपर:
दादा तुमचं बरोबर आहे, बहुमत अजिबात नको. त्या तीन साइटनी एकाच जुन्या यादीतून आकडा उचललेला असू शकतो, मग तीन साक्षीदार दिसतात पण असतो एकच. टोटलला हातच लावू नका, टोटल ही फक्त बेरीज आहे, चूक असते ती कुठल्यातरी एका शनिवारच्या मॅचमध्ये आणि ती मॅच सापडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. चौथ्या साइटवर सीझननुसार आकडे असतील तर आधी कुठल्या वर्षी फरक पडतो ते बघा, मग त्या वर्षातली राउंड शोधा.

या खेळात एक फार छान सोय आहे जी सॉकरमध्ये नाही. इथे ओन गोल नसतो. बचाव करणाऱ्याने बॉल स्वतःच्या पोस्टमधून घालवला तर तो बिहाइंड होतो, एक पॉइंट, आणि सहा पॉइंटचा गोल मात्र हल्ला करणाऱ्या टीमच्या कोणीतरी किक मारूनच व्हावा लागतो. म्हणजे टीमचा स्कोअर 12.9 (81), म्हणजे बारा गोल, नऊ बिहाइंड, एकूण 81 पॉइंट असेल तर ते बारा गोल कोणाच्या ना कोणाच्या नावावर असलेच पाहिजेत, ना अकरा ना तेरा. पेपरातली गोल मारणाऱ्यांची यादी घ्या आणि बेरीज करा. अकरा आले तर एक नाव राहिलंय किंवा कोणाचा तरी 3 छापताना 2 झालाय. बिहाइंडला ही चाळणी लावू नका हं, तिथे रश्ड बिहाइंड असतात ज्यांना मारणारा नसतोच, आणि पेपरवाले खेळाडूवार बिहाइंड सहसा द्यायचेही नाहीत.

मॅचेसच्या संख्येलाही तसाच चेक आहे. तुमचा माणूस 1920 च्या दशकातला आहे ना, तेव्हा बेंच नव्हता. एकोणिसावा (राखीव) माणूस 1930 ला आला, विसावा 1946 ला आणि इंटरचेंज, म्हणजे खेळाडू आत-बाहेर करायची सोय, 1978 ला. 1899 पासून टीम अठराची आहे (1897 आणि 98 ला वीस जण असायचे), त्यामुळे तुमच्या मॅचमध्ये प्रत्येक बाजूला बरोब्बर अठरा नावं बसली पाहिजेत. शीटमध्ये एकोणीस दिसली तर त्यातला एक त्या दिवशी खेळलेला नाही, सतरा दिसली तर कोणाची तरी एक मॅच हरवलीय (क्वचित एखादी टीम कमी माणसांनी उतरलेली असते, ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं).

आता सोर्स. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्ह या साइटवर जुने पेपर फुकट बघता येतात, द आर्गस आणि द एज दोन्ही आहेत. मॅच शनिवारी दुपारी व्हायची आणि सकाळच्या पेपरात खरा रिपोर्ट सोमवारी यायचा, तोच वाचा. शुक्रवारच्या पेपरातली टीम किंवा मैदानावर विकलं जाणारं फुटबॉल रेकॉर्ड हे निवडलेली टीम सांगतात, उतरलेली नाही. शनिवारी सकाळी कोणाला ताप आला, कोणाची गाडी चुकली, तर त्याच्या जागी दुसराच खेळायचा आणि रेकॉर्डात नाव मात्र पहिल्याचंच छापलेलं. सही नसलेला चेक जसा बँकेत चालत नाही तशी ती यादी एकटी चालत नाही, सोबत सोमवारचा रिपोर्ट हवाच. आणि ट्रोव्हवर बाजूला जो टाइप झालेला मजकूर दिसतो त्याच्यावर भरवसा ठेवू नका, तो मशीनने वाचलेला असतो, 3 चा 8 आणि C चा G सर्रास होतो, कोणीही लॉगिन न करता तो सुधारू शकतं, पुरावा म्हणजे पानाचा फोटोच.

सारख्या आडनावाचं दुखणं तर या काळात कायमचं. कॉलिंगवूडच घ्या, 1927 ते 1930 सलग चार प्रीमियरशिप (लीगची विजेतेपदं) जिंकलेली टीम, त्यात गॉर्डन आणि सिड हे कॉव्हेंट्री भाऊ, वर अल्बर्ट आणि हॅरी हे कॉलियर भाऊ. रिपोर्टमध्ये नुसतं कॉलियरने पास दिला असं वाक्य आलं की कोणता कॉलियर ते कसं कळणार? म्हणून आद्याक्षर कुठल्या पेपरात आहे ते शोधायचं, एकात नसलं तर दुसऱ्यात असतं. तुमच्या केसमध्ये गोल आणि मॅच दोन्ही एकानेच कमी आहेत, मला तर वाटतं एकाच मॅचमध्ये त्या दोघांची अदलाबदल झालीय.

यारा_काठचा:
ओन गोल नसल्याने बेरीज जुळलीच पाहिजे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खूप उपयोगी आहे. आणि जर्सी नंबर? त्यावरून ओळखता नाही का येणार?

सोमवारचा_पेपर:
1912 पासून येतं, तेव्हाच नंबर आणि फुटबॉल रेकॉर्ड दोन्ही सुरू झाले. फोटो मिळाला तर उत्तम. त्याआधीचं काम मात्र अवघड आहे. 1911 ला सेंट किल्डाचे खेळाडू क्लबशी भांडून संपावर गेले आणि कार्ल्टनविरुद्ध क्लबने मिळतील ती नवी पोरं उतरवली, रॉय कॅझली त्यातच पहिल्यांदा खेळला. तो पुढे एवढा मोठा झाला म्हणून त्याची नोंद सगळ्यांनी शोधली, पण एक-दोन मॅच खेळून कायमचे गेले त्या पोरांची नुसती आडनावं छापलेली, पाठीवर नंबर नाही, पुन्हा कधी पेपरात येणं नाही. त्यात काही जण तेव्हा खोट्या नावाने पण खेळायचे. अशांच्या बाबतीत मी खूप हळू जातो, कारण गॉर्डन कॉव्हेंट्रीसारख्या मोठ्या खेळाडूच्या बाराशे नव्व्याण्णव गोलांत एक इकडे-तिकडे झाला तर त्याचं फार बिघडत नाही, पण ज्याची आयुष्यात एकच मॅच आहे ती आपण दुसऱ्याच्या नावावर टाकली तर तो माणूस यादीतून पुसलाच जातो.

आकडेमोड_ताई:
0 चा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहिते, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कृपा करून ते सगळे शून्य काढा आणि सेल रिकामा ठेवा. लीगमध्ये किक, मार्क (किकवर आलेला बॉल झेलणं), हँडबॉल (मुठीने मारून दिलेला पास) हे खेळाडूनुसार 1965 पासून मिळतात आणि टॅकल 1987 पासून. 0 चा अर्थ मोजलं आणि एकही निघाला नाही, रिकाम्याचा अर्थ कोणी मोजलंच नाही, या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि एकदा का ॲव्हरेज काढलं की तो फरक दिसेनासा होतो.

उदाहरण बघा. जॉन कोलमनने 1949 ला पहिल्याच मॅचमध्ये हॉथॉर्नविरुद्ध 12 गोल मारले, पुढे 98 मॅचेसमध्ये 537 गोल. तुमच्या शीटप्रमाणे त्याच्या नावावर 537 गोल आणि 0 किक! हे निदान बघताक्षणी चुकीचं वाटतं. अर्धवट भरलेली करिअर जास्त फसवतात. रॉन बारासी मेलबर्नकडून 1964 पर्यंत 204 मॅचेस खेळला आणि 1965 पासून कार्ल्टनकडून 50. त्याच्या किकचा आकडा फक्त त्या शेवटच्या 50 मॅचेसचा असणार, आणि कोणी तो 254 ने भागला तर तो इतका साधा खेळाडू दिसेल की ज्यांनी त्याला बघितलंय ते हैराण होतील. मायकल टक 1972 ते 1991 खेळला, 426 मॅचेस, पण टॅकल फक्त शेवटच्या पाच सीझनचे. उलट केव्हिन बार्टलेट 1965 लाच सुरू झाला म्हणून त्याच्या 403 मॅचेसच्या किक आहेत पण टॅकल एकही नाही कारण तो 1983 ला रिटायर झाला. म्हणून ॲव्हरेज काढताना भागाकार करिअरच्या मॅचेसने नाही करायचा, ज्या मॅचेसमध्ये ती गोष्ट मोजली गेली तेवढ्यानेच करायचा, त्यासाठी वेगळा कॉलम ठेवा. मी नोकरीत दिवसभर हेच करते, रिकामं आणि शून्य यात घोळ झालेला डेटा मला बघवत नाही.

दादर_जिमखाना:
फूटी मी अलीकडेच बघायला लागलोय पण हे क्रिकेटमध्ये पण आहे ना, जॅक हॉब्जची फर्स्ट क्लास शतकं कोणी 197 म्हणतं कोणी 199. 1930-31 ला तो विझियानगरमच्या टीमकडून भारत आणि सिलोनमध्ये खेळला होता, त्यातली दोन शतकं धरायची की नाही यावरून. मग अशा वेळी चूक कोणाची म्हणायची?

सोमवारचा_पेपर:
कोणाचीच नाही भाऊ, आणि हा फरक आधीच वेगळा करून ठेवला पाहिजे. तिथे शतकं झाली की नाही यावर वाद नाही, त्या मॅचेस फर्स्ट क्लास मानायच्या का यावर आहे. तो नियमाचा प्रश्न झाला, आणि नियम लीग किंवा बोर्ड ठरवतं, आपण शीटवाल्यांनी ठरवायचा नाही.

फूटीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्राउनलो मेडल, अंपायरांच्या मतांवरून सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळतं ते. 1930 ला जुडकिन्स, हॉपकिन्स आणि हॅरी कॉलियर तिघांची मतं सारखी होती, मेडल मिळालं एकट्या जुडकिन्सला. 1989 ला लीगने अशा टायमध्ये मेडल हुकलेल्यांना मागाहून मेडलं दिली, त्यात 1949 चा कॉल ऑस्टेन, 1952 चा बिल हचिसन, 1965 चा नोएल टीजडेल असे अजून पण आहेत. मतं एकाचीही बदलली नाहीत, निर्णय बदलला. 2012 चं तर जोब वॉटसनकडून काढून 2016 ला मिचेल आणि कॉचिनला दिलं. असले बदल शीटमध्ये दुरुस्ती म्हणून नाही, निर्णय म्हणून तारखेसकट लिहायचे.

मॅच मोजायचे नियम पण तसेच. 2021 च्या ग्रँड फायनलला मेलबर्नचा जेम्स जॉर्डन मेडिकल सब (कोणी जखमी झालं तरच उतरायचा राखीव खेळाडू) होता, मैदानात पाऊलही टाकलं नाही तरी त्याला प्रीमियरशिप मेडल मिळालं, कारण त्या वर्षी लीगने ठरवलं होतं की न उतरलेल्या मेडिकल सबची पण मॅच धरायची. कोणी व्हिडिओ बघून म्हणेल हा खेळलाच नाही, काढा ही मॅच, तर ते चूक होईल.

आणि कधी कधी निकालच बदलतो. 2006 ला लॉन्सेस्टनला फ्रीमँटल विरुद्ध सेंट किल्डा, सायरन वाजला पण अंपायरला ऐकूच गेला नाही, खेळ चालू राहिला आणि स्टीव्हन बेकरच्या बिहाइंडने मॅच टाय झाली. नंतर लीगने तो बिहाइंड काढून फ्रीमँटलला एका पॉइंटने विजयी केलं. म्हणजे बेकरचा बिहाइंड तर गेलाच, दोन्ही टीमच्या प्रत्येक खेळाडूच्या जिंकल्या-हरल्याच्या रेकॉर्डमध्ये पण टायचं काहीतरी दुसरं झालं. त्या रविवारच्या रात्रीचा स्कोअरकार्ड घेऊन बसलेला माणूस आज पण 94-94 म्हणेल आणि त्याच्या कागदावर ते खरंच असेल.

यारा_काठचा:
मंडळी काल रात्री बसलो आणि सापडलं. वर्ष कळलं, मग मॅच कळली. आर्गसमध्ये नुसतं आडनाव आणि एक गोल, बेरीज बरोबर जुळते. एजमध्ये त्याच मॅचला आद्याक्षर आहे आणि ते दुसऱ्याचं आहे, माझ्या फॉरवर्डचं नाहीच. वर त्याच एजमध्ये बदलांच्या ओळीत लिहिलंय की फॉरवर्डचा गुडघा दुखत होता म्हणून तो बाहेर. अठरा नावं पण त्याला वगळूनच बसतात. म्हणजे एकटी पडलेली चौथी साइट बरोबर होती. शून्य पण सगळे काढलेत ताई, मॅचेस मोजल्याचा वेगळा कॉलम टाकला. आता कळवू कसं?

सोमवारचा_पेपर:
मस्त काम केलंत! साइट चालवणाऱ्याला आणि क्लबच्या इतिहास बघणाऱ्यांना सरळ ईमेल करा पण तुमचा आकडा चुकलाय असं नुसतं लिहू नका. राउंड, वर्ष, दोन्ही पेपरांची तारीख आणि पान, ट्रोव्हची लिंक, आधी काय होतं, आता काय असावं, एवढं एका ईमेलमध्ये एकाच मॅचचं. विकिपीडियावर घाई नको, आधी मूळ साइटवाल्यांना तपासू दे. स्वतःच्या शीटमध्ये जुना आकडा खोडू नका, शेजारी ठेवा आणि कारण लिहा, उद्या तिसरा पेपर सापडला तर कुठून सुरू करायचं ते कळलं पाहिजे.

आणि एक, फॉरवर्डचा एक कमी केलात की दुसऱ्याची एक मॅच आणि एक गोल वाढवायचा आहे. ती त्याची पहिली मॅच ठरतेय का तेवढं बघा, कारण तसं असेल तर त्याची डेब्यूची तारीख बदलेल आणि क्लबमध्ये कोण कितवा खेळाडू या यादीतला त्याच्यानंतरच्या काही जणांचा नंबर पण सरकेल.

यारा_काठचा:
अरे हो, त्याची आत्तापर्यंतची पहिली मॅच दोन आठवड्यांनी नंतरची दाखवतायत. मधल्या दोन राउंडमध्ये कोणी नवीन आलं होतं का ते बघतो आणि मगच ईमेल पाठवतो.