एआयने काढलेला चार्ट बरोबर आहे हे तपासायचं कसं?

प्रश्न: सीएसव्ही (आकड्यांच्या तक्त्याची साधी फाइल) दिली की एआय पायथॉन कोड लिहून झकास चार्ट देतो, पण भरवसा ठेवायचा का? नुसतं छान दिसून काय उपयोग

उत्तर १: चित्र नंतर, आधी कोड वाच. रिकाम्या ओळी गुपचूप गाळल्यात का बघ, आणि सीबॉर्न या पायथॉनच्या चार्ट लायब्ररीचा बारप्लॉट (बार चार्ट) काही सांगितलं नाही तर सरासरीच काढतो, तुला बेरीज हवी असली तरी, त्यामुळे दोनचार आकडे स्वतः काढून ताडून बघच.

उत्तर २: बार असतील तर वाय अक्ष शून्यापासूनच हवा, नाहीतर चिमूटभर फरक डोंगराएवढा दिसतो (लाइन चार्टला ही सक्ती नाही). इंद्रधनुषी रंग पण काढून टाक, मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या चार्ट लायब्ररीनेसुद्धा आवृत्ती २.० पासून जेट ही इंद्रधनुषी रंगपट्टी सोडून विरिडिस ही रंगपट्टी डिफॉल्ट केलीय.

उत्तर ३: नुसतं "चार्ट सुधार" म्हणू नकोस, तयार झालेलं चित्र एआयलाच परत दाखव, एकमेकांवर चढलेली लेबलं कोडमध्ये थोडीच दिसतात.