बिल्डरने फी थकवली, पगार तोंडावर – मदत हवी आहे

काटकोन (मंगळवार, ऑगस्ट)
नाशिकला छोटी आर्किटेक्चर फर्म आहे. शुक्रवारी तिघांचे पगार करायचेत आणि खात्यात एकाचाही निघेल एवढे नाहीत. बिल्डरकडे २,१२,४०० अडकलेत. मेपासून "सोमवारी बघू" चाललंय, आता फोनही उचलत नाही. त्या बिलाचा जीएसटी मी जूनमध्येच खिशातून भरून बसलोय. नोटीस पाठवू का? "धीर धरा" सोडून काहीही सांगा.

हिशेबनीस
म्हणजे १,८०,००० फी आणि ३२,४०० कर. करार लेखी आहे? उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी आहे? असली तर काम घेण्याआधीची की नंतरची? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

जुना_गिलावा
३१ वर्षं ऑफिस चालवतोय. तुम्ही पोरं टक्क्यांवर फी ठरवता आणि फसता. मी स्क्वेअर फुटावर घेतो, आणि फाइल महापालिकेत जायच्या आधी निम्मी हातात.

काटकोन
स्क्वेअर फुटावरच आहे काका. प्रश्न तो नाहीये.

चटई_क्षेत्र
टॅक्स इनव्हॉइसची घाई कशाला केलीत? परफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल धाडायचं, पैसे आले की इनव्हॉइस. जीएसटीची झळच नाही.

हिशेबनीस
असं सरसकट सांगू नका. फी टप्प्यावर बांधलेली असेल तर टप्पा संपला की इनव्हॉइस काढावीच लागते.

चटई_क्षेत्र
अख्खं मार्केट परफॉर्मावर चालतं हो.

हिशेबनीस
अख्खं मार्केट हेल्मेटशिवायही चालतं.

गोदाकाठ
आर्किटेक्ट आहात म्हणून विचारते. बाल्कनीला स्लायडिंग लावून खोली केली तर परवानगी लागते का?

काटकोन
करार व्हॉट्सअ‍ॅपवर. मी रेट आणि टप्पे टाकले, त्याने "ओके" केलं. उद्यम नोंदणी २०२१ ची, काम गेल्या वर्षीचं. नकाशे मंजूर झाले, वर्किंग ड्रॉइंग दिली, त्याचं हे बिल. बाल्कनीचं नंतर बघू ताई.

हिशेबनीस
हे आधी सांगायचं ना! नोंदणी कामाआधीची आहे, म्हणजे एमएसएमई (लघुउद्योग) कायदा लागू. बिल चुकवायची लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवस, असला तरी फार तर ४५. "ओके"ला लेखी म्हणायचं की नाही यावर तो वाद घालेल, पण ४५ धरले तरी उलटून गेलेत. व्याज बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. शिवाय ३१ मार्चपर्यंत त्याने दिले नाहीत तर तो खर्च त्याला आयकरात या वर्षी वजा मिळणार नाही. हे बिल्डरला नको, त्याच्या सीएला सांगा. सीएला लगेच कळतं.

रेती_विटा
कौन्सिलच्या तारखा पडेपर्यंत पोरं सोडून जातील. सरळ रेराचा फॉर्म १, म्हणजे काम किती झालं त्याचा आर्किटेक्टचा दाखला, अडवा. आर्किटेक्टच्या सहीशिवाय त्याला प्रोजेक्टच्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत.

जुना_गिलावा
असलं काही करू नका. ते पैसे फ्लॅटवाल्यांचे. साइटवर जेवढं काम दिसतं तेवढं लिहून द्यायचं. फीचं भांडण वेगळं.

रेती_विटा
तत्त्वांवर पगार होतात का?

काटकोन
भांडू नका, रेरा नाहीच. ४२० चौरस मीटरचा प्लॉट, ८ फ्लॅट, एवढ्या छोट्या कामाला रेरा लागत नाही.

रेती_विटा
मग हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

हिशेबनीस
तुमचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचं (टीडीएस) आयकर खात्याचं पत्रक, उघडून बघितलंत? पहिल्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नची मुदत ३१ जुलैला संपली. त्याने तुमच्या बिलावर टीडीएस दाखवला असेल तर बिल वहीत घेतल्याचा पुरावा आयताच मिळाला.

काटकोन
आत्ता बघितलं. १८,००० दिसतायत, तारीख ३० मे. आणि त्याचा अकाउंटंट मला परवा सांगत होता की बिल मिळालंच नाही, पुन्हा मेल करा!!

चटई_क्षेत्र
स्क्रीनशॉट त्याच अकाउंटंटला. खाली एक ओळ: "बिल मिळालेलं दिसतंय, बाकी रक्कम कधी?" शिव्या नकोत.

जुना_गिलावा
एक सांगा, डीडब्ल्यूजी फाइल, म्हणजे कोणालाही बदलता येईल असं मूळ ड्रॉइंग, दिली नाहीत ना?

काटकोन
दिली. जानेवारीत. आरसीसी डिझाइनवाल्या इंजिनिअरला हवी होती.

जुना_गिलावा
अरेरे. मी पीडीएफच्या पुढे जात नाही. आता तो दुसरा आर्किटेक्ट आणायला बघेल. येणाऱ्याने आधीच्याला कळवायचं असतं, वास्तुकला परिषदेचा १९८९ चा नियमच आहे. गावातल्या चार जणांना आजच फोन करून ठेवा. आणि भोगवटा दाखला व्हायचाय ना अजून? मग तो परत येतो. माझ्याकडे एक जण सात वर्षांनी आला होता, पेढे घेऊन.

काटकोन
सात वर्षं! काका, शुक्रवार आहे.

रेती_विटा
करंट खात्यावर ओडी (ओव्हरड्राफ्ट) काढा.

काटकोन
ती मार्चमध्येच संपली. हिच्या आरडीतून दोघांचे होतील, तिसऱ्याशी उद्या बोलतो. स्क्रीनशॉट पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, दोनदा "टायपिंग" दिसलं, मग बंद.

गोदाकाठ
बाल्कनीचं कोणी सांगेल का?