जी-सिक्स-पीडीचा आकडा : मर्यादा एकच हवी की प्रयोगशाळेगणिक वेगळी?

फोंडेकर : माझ्या मुलाला जन्मानंतर कावीळ झाली तेव्हा एका प्रयोगशाळेने जी-सिक्स-पीडी या विकराचे (तांबड्या रक्तपेशींना फुटण्यापासून जपणाऱ्या एन्झाइमचे) प्रमाण हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे ५.९ एकक दाखवून 'सामान्य' असा शेरा मारला. चार महिन्यांनी दुसरीकडे ६.१ आले, आणि शेरा पडला 'कमी'! पहिल्या कागदावर सामान्य पातळी ४.६ पासून सुरू होते, दुसऱ्यावर ७ पासून. गोव्यातील सर्व प्रयोगशाळांना सरकारने एकच मर्यादा घालून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्तपेशी : तसे केल्यास घोळ वाढेल. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत चाचणीचे तापमान छापलेले असते, ते आधी पाहा. हे विकर ३० अंशांपेक्षा ३७ अंशांवर अधिक वेगाने काम करते, म्हणून मर्यादाही बदलते. प्रत्येक प्रयोगशाळेने निरोगी पुरुषांच्या मध्यकाला (क्रमाने लावलेल्या आकड्यांतल्या मधल्या आकड्याला) शंभर टक्के मानून अहवाल टक्क्यांत द्यावा.

फोंडेकर : पाहिले, पहिला ३० अंशांवरचा, दुसरा ३७ वरचा. पण या दोन मर्यादांच्या हिशेबाने पहिला आकडा ३७ अंशांवर नऊच्या आसपास जायला हवा होता. मग ६.१ कसा?

रक्तपेशी : नवजात बाळाच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्यांच्यात हे विकर भरपूर असते. रक्तपेशी फुटून गेल्यावर लगेच नमुना घेतला तरी हीच फसगत होते, कारण जुन्या, विकर कमी असलेल्या पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात. म्हणून तुमच्या दोन कागदांपैकी माझा भरवसा दुसऱ्यावर.

मांडवीकाठ : टक्केवारीवरही मला एवढा विश्वास ठेवता येत नाही. हे विकर कमी असण्याचा दोष एक्स गुणसूत्रावरचा. स्त्रियांच्या रक्तात दोषी आणि निर्दोष पेशी मिसळलेल्या असू शकतात, त्यामुळे अनेकींचा आकडा ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये अडकतो. चमक पाहण्याची साधी ठिपका-चाचणी त्यांना बहुधा 'सामान्य'च ठरवते. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियावर टॅफेनोक्वीन हे औषध द्यायचे तर ७० टक्क्यांहून अधिक क्रियाशीलता लागते, नाहीतर त्याने तांबड्या पेशी फुटू शकतात. तिथे ६८ आणि ७२ मधला फरक यंत्राच्या चुकीएवढाच असतो. मुलाच्या आईचीही चाचणी करून घ्या, आणि तीही एकदा करून थांबू नका.

फोंडेकर : आईचे पटले. मर्यादेचा आग्रह मी अजून सोडलेला नाही, निदान तापमान तरी सर्वांनी एकच ठेवावे. तूर्त कपाटातल्या नॅफ्थलीनच्या गोळ्या तेवढ्या बाहेर काढल्या आहेत, कारण विकर कमी असेल तर त्यांनीही पेशी फुटू शकतात.