भंडारदरा ट्रिप : काजवे बघायला कोण कोण येतंय?

सी-१०२ : नमस्कार मंडळी, जूनच्या पहिल्या शनि-रविवारी भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं ठरतंय, १७ सीटर सांगितलीये, ११ जण पक्के. बी-४०४ काकू तुम्ही तिकडच्याच ना, काय काय बघायचं सांगा ना प्लीज

बी-४०४ : हो रे, शेंडीची मी. बाबा पाटबंधारे खात्यात होते धरणावर, दहावीपर्यंत तिथेच वाढले. आधी एक सांगते, शनिवार नको, जमलं तर मंगळवार-बुधवार काढा. शनिवारी रात्री शेंडीपासून घाटघरपर्यंत गाड्यांची रांग लागते आणि सगळ्यांचे हेडलाईट चालू, मग काजवे कुठले दिसायला.

ए-२०३ : वीकडेला सुट्टी मिळणं अवघड आहे काकू 😔

बी-४०४ : मग शुक्रवारी दुपारी निघा, कसारा घाट चढून इगतपुरी, पुढे घोटीला उजवीकडे वळलं की बारी आणि मग शेंडी. बारीहूनच कळसूबाईची वाट आहे, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. कोणाला चढायचं असेल तर पहाटे पाचलाच सुरुवात करा, जूनमध्ये ऊन आणि दमट हवा दोन्ही असतं, लोखंडी शिड्यांवर दम निघतो.

सी-१०२ : आणि रंधा फॉल, अंब्रेला फॉल?

बी-४०४ : ते आत्ता नको. अंब्रेला धरणातून पाणी सोडलं तरच पडतो आणि रंधा पावसाळ्यातच खरा. त्याऐवजी रतनवाडीला जा, अमृतेश्वराचं मंदिर अगदी सावकाश बघा, बाहेरच्या दगडावरची नक्षी बोट फिरवून बघण्यासारखी आहे, शेजारची पुष्करणीही चुकवू नका. जेवण गावातच कोणाच्या तरी घरी सांगून ठेवा, नागलीची भाकरी आणि पिठलं, पैसे त्या घरात जातात आणि चवही तीच खरी.

डी-३०१ : सांदण दरी करायची आहे मुलांना

बी-४०४ : वहिनी, आभाळ भरून आलं असेल तर अजिबात उतरू देऊ नका. दोन्हीकडे उभे कडे, वर पाऊस झाला की पाणी थेट त्या घळीतच येतं, पळायला जागा नाही. सांदण हिवाळ्यात करा, मी येते सोबत.

आता काजव्यांचं. मुर्शेत, पांजरे, उडदावणे या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा यांची झाडं आहेत, वळवाचा एक-दोन सरी पाऊस झाला की ती पेटतात. एक काजवा लुकलुकतो, मग शेजारची फांदी, मग बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजेड सरकत जातो आणि एकदम सगळं काळोख, की पुन्हा पहिल्यापासून. बाबा मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे आणि झाडाच्या बरंच अलीकडे उतरून बॅटरी विझवायचे, म्हणायचे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. दहा मिनिटं गप्प उभं राहिलो की झाडच्या झाड दिसायला लागायचं.

मागच्या वर्षी भावाकडे गेले होते तेव्हा तिथेच एका गाडीने लाईट थेट झाडावर मारून ठेवला, वर गाणी, आणि चार पोरं फांद्या हलवत होती. ते झाड विझलं ते परत पेटलंच नाही त्या रात्री. मला रडू आलं हो. तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते, जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात त्यांना, आपल्या प्रकाशात ती सादच दिसत नाही आणि मग पुढच्या वर्षीचे काजवे येणार कुठून?

सी-१०२ : काकू हे माहितीच नव्हतं. मग काय करायचं नक्की?

बी-४०४ : गाडी गावातच लावा, चालत जा, गावातला एक पोरगा वाटाड्या घ्या. टॉर्च सगळ्यांत एकच, तिला लाल जिलेटीन कागद बांधा आणि जमिनीकडेच धरा. मोबाईलचा फ्लॅश बंद, तसाही फोटो येत नाही. झाडाखाली जाऊ नका, माद्या गवतात बसलेल्या असतात, पायाखाली येतात. अभयारण्य आहे, तेव्हा शेंडीच्या नाक्यावर पावती घ्या आणि रात्री किती वाजेपर्यंत सोडतात तेही तिथेच विचारा.

ए-२०३ : शुक्रवार फायनल करू मग, मी हाफ डे टाकते. आमच्या दोन सीट 🙋‍♀️

सी-१०२ : लाल कागद मी आणतो. काकू तुम्ही पण चला ना, एक सीट तुमची

बी-४०४ : येते. परत येताना वाट वाकडी करून राजूरला थांबायचं मात्र, पेढे घ्यायचेत