एसीच्या थर्मोस्टॅटचा स्क्रीन मधूनच काळा पडतो? आधी व्होल्टेज मोजा
कूलिंग चालू असताना स्क्रीन काळा पडतो, तासाभराने आपोआप उजळतो आणि ‘सी’ वायर (थर्मोस्टॅटला सतत वीज मिळावी म्हणून असलेली परतीची वायर) जोडलेली आहे, म्हणजे नवा थर्मोस्टॅट (भिंतीवरचा तापमान नियंत्रक) घ्यायची घाई नको. स्क्रीन काळा असतानाच मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ‘आर’ (वीज आणणारी लाइन) आणि ‘सी’ टर्मिनलमध्ये मोजा. साधारण 24 ते 28 व्होल्ट मिळाले, तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या बेसमधल्या सैल वायरचा. शून्य आलं तर एसीच्या युनिटकडे वळा. उडालेला फ्यूज स्वतःहून पूर्ववत होत नाही, म्हणून माझा पहिला संशय ड्रेन ट्रेमधल्या (एसीचं पाणी जमतं तो ट्रे) फ्लोट स्विचवर: निचरा तुंबला की पाणी चढतं, स्विच ‘आर’ची लाइन तोडतो, पाणी ओसरलं की पुन्हा जोडतो. ड्रेन पाइप साफ करा. स्विच बायपास मात्र अजिबात करू नका, ट्रे भरून वाहील.