फुलाला सगळे पाहुणे सारखे नसतात

मकरंद पिणारे सारे कीटक फुलाच्या दृष्टीने सारखेच, या विधानाशी मी सहमत नाही. कोल्हापुरात आमच्या परसात तुळशीवर येणारी अमेजिला ही निळ्या पट्ट्यांची एकांडी मधमाशी आणि तिन्हीसांजेला निशिगंधावर येणारा हॉक मॉथ हा पतंग, दोघेही मकरंदच पितात; परंतु माशीची मादी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत एकटीने घर कोरून अळ्यांसाठी पराग व मकरंद साठवते, तर पतंगाची अळी पाने खाऊन वाढते आणि प्रौढ पतंग मकरंद पितो तो स्वतःच्या पोटापुरता. पराग त्याच्या अंगाला लागतो तो योगायोगानेच. फुलावर तो सहसा बसतही नाही. हवेत एका जागी तरंगत, गुंडाळलेली सोंड उलगडून लांब नळीच्या तळापर्यंत पोहोचतो.

वांग्याच्या फुलात मुळी मकरंदच नसतो, त्यामुळे पतंगाचे तिथे काही काम नाही. अमेजिला मात्र ते फूल घट्ट धरून उड्डाणाचे स्नायू थरथरवते आणि परागकोशाच्या टोकावरील छिद्रांतून पराग झाडून घेते. तो गुणगुणाट सकाळी वाफ्याजवळ स्पष्ट ऐकू येतो. पोळे करून राहणाऱ्या आपल्या सातेरी मधमाशीलाही ही युक्ती साधत नाही.